निःशस्त्रतेचा अर्थ : युद्धाच्या खेळातील एका प्रशिक्षण विमानाच्या निमित्ताने

१

संगणकावरील युद्धखेळ साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतात की नाही, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. एस्पेन आर्सेथ यांचा 'सायबरटेक्स्ट' हा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि वाचकाच्या कृतीवाचून जिची घडणच पूर्ण होत नाही अशी एक संहिता म्हणून या खेळांचा विचार होऊ लागला. पुढे इयन बोगोस्ट यांनी 'पर्स्वेसिव्ह गेम्स' (२००७) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खेळ आपले म्हणणे शब्दांनी किंवा चित्रांनी मांडतो त्यापेक्षा अधिक आपल्या नियमांनी मांडतो. संहितेचा अर्थ तिच्या व्यवस्थेत शोधण्याची सवय असलेल्या समीक्षकाला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही.

नैतिक प्रश्न मात्र या चर्चेत बहुधा एकाच रूपात येतो : पडद्यावरील हिंसा खेळणाऱ्याला हिंसक बनवते काय? हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे आणि समीक्षेच्या साधनांनी त्याचे उत्तर मिळणार नाही. समीक्षेला विचारता येईल असा प्रश्न वेगळा आहे. ज्या संहितेचे व्याकरणच हिंसेचे आहे, तिच्यात हिंसा करू न शकणारी एखादी वस्तू ठेवली तर तिला कोणता अर्थ प्राप्त होतो? ती त्या संहितेत निरागस राहते, की संहिता तिलाही आपल्या अर्थव्यवस्थेत ओढून घेते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

'डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर', म्हणजेच 'डीसीएस वर्ल्ड', हा ईगल डायनॅमिक्स या कंपनीचा युद्धविमानांचा सिम्युलेटर आहे. त्याचा मूळ भाग विनामूल्य मिळतो. इतर विमाने एकेक करून विकत घ्यावी लागतात. निर्मात्यांचा कटाक्ष तपशिलाच्या अचूकतेवर आहे. अनेक विमानांत कॉकपिटमधील कळी आणि बटणे खऱ्या विमानातल्या क्रमाने वापरून इंजिन सुरू करावे लागते. एव्हिओडेव्ह या गटाने या खेळासाठी सी-१०१ एव्हिओजेट हे स्पॅनिश विमान तयार केले. त्याची दोन रूपे एकत्रच मिळतात. 'सीसी' हे रूप हल्ल्यासाठी सज्ज आहे, तर 'ईबी' हे निव्वळ प्रशिक्षणाचे. ईबीला तोफ नाही, क्षेपणास्त्र नाही, बॉम्ब नाही. युद्धाच्या खेळात ते युद्ध करू शकत नाही. विनामूल्य भागाबरोबर मिळणाऱ्या दोन विमानांतही अशीच जोडी आढळते. त्यांतले एक सुखोई-२५टी, हे जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे विमान. दुसरे टीएफ-५१डी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील मस्टँग या लढाऊ विमानाचे दोन आसनांचे, शस्त्रे नसलेले रूप.

म्हणजे निःशस्त्र विमान हा या खेळातला अपघात नव्हे. खेळाने त्याला जागा दिलेली आहे. ती जागा कोणती, एवढे येथे पाहावयाचे आहे.

२

'निःशस्त्र' हा शब्द घडणीनेच नकारात्मक आहे. शस्त्राच्या कल्पनेवाचून त्याला उभे राहता येत नाही. सोस्यूर यांनी चिन्हाविषयी जे सांगितले ते येथे लागू पडते : चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगच्या गुणावरून ठरत नाही, त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या भेदावरून ठरते. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'च्या आजच्या रूपात शस्त्रे चालवता येत नाहीत. तेथे एखादे जेट प्रशिक्षण विमान आणून ठेवले तर ते वेगवान किंवा चपळ ठरेल, पण निःशस्त्र ठरणार नाही. बैलगाडीला आपण निःशस्त्र म्हणत नाही, तसेच हे आहे. तेच विमान 'डीसीएस'मध्ये आले की त्याच्याविषयीचे पहिले विधान नकाराचे होते. विमान बदलत नाही; भोवतालची व्यवस्था बदलते आणि विमानाच्या अंगी एक अभाव निर्माण होतो.

अभावाचा विचार आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी जितक्या बारकाईने केला आहे तितका क्वचितच कोठे झाला असेल. त्यांच्या मते अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव असतो त्याला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगीचे ज्ञान झाल्याशिवाय अभावाचे ज्ञान होत नाही. येथवर नैयायिक आणि सोस्यूर बरेच जवळ येतात. परंतु नैयायिक आणखी पुढे जाऊन अभावाचे प्रकार करतात, आणि आपल्या प्रश्नाला ते प्रकार फार उपयोगी आहेत. मातीचा घट होण्यापूर्वी जो घटाचा अभाव, तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण घट निर्माण होताच त्याचा अंत होतो. घट फुटल्यावरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. ज्या ठिकाणी एखादी वस्तू तिन्ही काळी नसते तेथे तिचा अत्यंताभाव. चौथा प्रकार अन्योन्याभावाचा, म्हणजे घट हा पट नव्हे अशा भेदाचा. त्याची आपल्याला येथे गरज नाही.

आता या दृष्टीने विमानांकडे पाहता येईल. प्रवासी विमानात शस्त्राचा अत्यंताभाव आहे. टीएफ-५१डी मध्ये प्रध्वंसाभाव आहे. ते एका लढाऊ विमानाचे रूप आहे, आणि शस्त्राचा काळ त्याच्या पाठीमागे आहे. सी-१०१ ईबीची गोष्ट निराळी. त्यात शस्त्राचा प्रागभाव आहे. शस्त्र अद्याप आलेले नाही, एवढाच या निःशस्त्रतेचा अर्थ. ती संपण्यासाठीच आहे. या विमानात शिकलेला वैमानिक पुढे लढाऊ विमानात बसावा, म्हणजेच हा अभाव नष्ट व्हावा, हे तिचे प्रयोजन आहे.

हा निष्कर्ष केवळ तर्काने काढलेला नाही. विमानाच्या शरीरातच तो लिहिलेला आहे. कासा या स्पॅनिश कंपनीने घडवलेल्या सी-१०१ चे पहिले उड्डाण २७ जून १९७७ रोजी झाले. त्याच्या रचनेत, मागच्या आसनाच्या खाली, विमानाच्या पोटात एक पोकळी ठेवलेली आहे. सशस्त्र रूपात तेथे तोफ किंवा मशीनगन बसते. स्पेनच्या प्रशिक्षण विमानात ती बसत नाही, पण पोकळी तेथेही आहेच. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांविषयी जी मांडणी केली, ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. इझर यांच्या मते रिक्त जागा म्हणजे काहीच नसलेली जागा नव्हे. ती कशी भरावी याची दिशा संहितेनेच सूचित केलेली असते. विमानाच्या पोटातली ही पोकळी अशीच सूचक आहे.

नावांचीही साक्ष काढता येईल. स्पेनच्या हवाई दलात या विमानाला 'मिर्लो' असे नाव मिळाले. मिर्लो हा आपल्या कस्तूराच्या कुळातला, गाण्यासाठी प्रसिद्ध असलेला काळा पक्षी. चिलीने याच विमानाचे सशस्त्र रूप घेतले आणि त्याला 'हाल्कोन' म्हटले. हाल्कोन म्हणजे ससाणा. एकाच सांगाड्याला एका देशात गाणाऱ्या पक्ष्याचे नाव आहे आणि दुसऱ्या देशात शिकारी पक्ष्याचे. आकाशात पाहणाऱ्याला दोघांतला फरक लांबून कळणे कठीण आहे.

३

निःशस्त्रतेचा हा एक पैलू झाला. दुसरा पैलू अनुकृतीचा आहे, आणि तो साहित्यशास्त्राच्या अधिक परिचयाचा आहे.

प्रशिक्षण विमान हे स्वतःच एक अनुकरण असते. लढाऊ विमानाचे वळणे, चढणे, उतरणे, त्याच्या कॉकपिटची मांडणी, त्यात बसणाऱ्याच्या शरीरावर येणारा ताण या सगळ्यांची ते कमी धोक्याची प्रतिकृती देते. खेळातले प्रशिक्षण विमान हे या अनुकरणाचे अनुकरण. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात पलंगाचे उदाहरण घेऊन चित्रकाराला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसवले. त्याच हिशेबाने आपला खेळाडू युद्धापासून तिसऱ्या पायरीवर आहे. तो युद्ध करत नाही, युद्धाचा सरावही करत नाही. युद्धाच्या सरावाचा खेळ खेळतो.

तथापि या पायऱ्या प्लेटोला वाटल्या तितक्या स्थिर नाहीत, हे सिम्युलेटरचा इतिहासच सांगतो. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे वैमानिकांना शिकवणारे एक यंत्र बनवले. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा खेळवणारे भाते वापरूनच त्यांनी आपले लुटुपुटीचे विमान हलते केले. आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांमध्ये. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवामानात अनेकांचा बळी गेला. त्यानंतर लष्कराने लिंक यांच्याकडून सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक या यंत्रात बसून शिकले. म्हणजे वाद्याच्या भात्यातून खेळणे निघाले, खेळण्यातून प्रशिक्षणाचे साधन झाले, त्यातून युद्ध लढणारे वैमानिक घडले. आणि आता ते सारे पुन्हा खेळ होऊन घराघरांतल्या पडद्यावर आले आहे. हायझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) मध्ये खेळ आणि युद्ध यांच्या नात्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. आपल्या परंपरेतही हे नाते जुने आहे. महाभारताच्या आदिपर्वात कौरव-पांडवांच्या शस्त्रविद्येचे प्रदर्शन जेथे झाले त्या जागेला 'रंग' म्हटले आहे, आणि नाटकाच्या रंगभूमीतला रंगही तोच. त्या दिवशी जो खेळ म्हणून मांडला गेला, त्यातच कर्ण आणि अर्जुन यांच्या वैराचा आरंभ झाला.

प्लेटोपेक्षा ॲरिस्टॉटल येथे अधिक जवळचा वाटतो. माणूस आपले पहिले धडे अनुकरणातून घेतो, हे 'पोएटिक्स'च्या चौथ्या प्रकरणातले त्याचे निरीक्षण प्रशिक्षण विमानाला चपखल लागू पडते. परंतु खेळाडूच्या मनात नेमके काय घडते याचे अधिक सूक्ष्म वर्णन श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायात सापडते. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडा आहे' अशी जी प्रतीती होते, ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्याचे ज्ञानही नव्हे. या चारही कोटींहून ती वेगळी असते. पडद्यावरील विमान चालवणाऱ्याला आपण उडत आहोत असा भ्रम नसतो. आपण उडत नाही, हा विचारही त्याच्या मनात प्रत्येक क्षणी नसतो.

शंकुकाचे हे विश्लेषण स्वीकारले तर नैतिक दृष्ट्या एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. चित्रतुरगाच्या प्रतीतीत क्रिया खोटी असते, पण क्रियेची निवड खोटी नसते. पडद्यावर कोणी मरत नाही हे खरे. तथापि गोळी झाडावयाची की नाही हा निर्णय एका खऱ्या माणसाने खऱ्या क्षणी घेतलेला असतो. सीसी आणि ईबी ही दोन्ही रूपे एकाच खरेदीत हाती आली असताना जो खेळाडू ईबीत जाऊन बसतो, त्याची निःशस्त्रता विमानाच्या निःशस्त्रतेहून निराळी आहे. विमानाच्या ठायी प्रागभाव आहे. खेळाडूच्या ठायी असलेला अभाव नैयायिकांच्या कोणत्याच कोटीत नीट बसत नाही, कारण शस्त्र त्याला उपलब्ध आहे आणि त्याने ते घेतलेले नाही. त्याला व्रत म्हणावे लागेल, मग ते अर्ध्या तासाचे का असेना. गांधींनी १९२० साली तलवारीच्या तत्त्वाविषयी लिहिताना भ्याडाची असहायता आणि समर्थाची अहिंसा यांत जो भेद केला, त्याची एक फिकट छाया या क्षुल्लक वाटणाऱ्या निवडीवर पडलेली आहे.

४

परंतु येथेच थांबून निःशस्त्र खेळाडूला प्रशस्तिपत्र देणे घाईचे होईल. 'डीसीएस'मध्ये मोहीम रचताना प्रत्येक विमान कोणत्या तरी गटात घालावे लागते : लाल, निळा किंवा तटस्थ. प्रशिक्षण विमान यातून सुटत नाही. ते निळ्या गटात असेल तर लाल गटाच्या दृष्टीने ते शत्रूचे विमान असते, आणि त्याला तोफ नाही म्हणून शत्रूचे क्षेपणास्त्र मार्ग बदलत नाही. हा नियम एका वाक्यात सांगता येईल : निःशस्त्र असणे वेगळे आणि तटस्थ असणे वेगळे.

खेळाचा हा नियम मनगढंत नाही; युद्धाचा कायदाही तेच सांगतो. शत्रूचे लष्करी विमान हे लष्करी लक्ष्य असते, त्यावर शस्त्र बसवलेले असो वा नसो. जिनीव्हा करारांना जोडलेला पहिला अतिरिक्त मसुदा ८ जून १९७७ रोजी संमत झाला. सी-१०१ ने प्रथम उड्डाण केले तो महिना हाच, असा एक योगायोग आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार, संकटात सापडलेल्या विमानातून पॅराशूटने खाली येणाऱ्या माणसावर, तो खाली येत असताना, हल्ला करता येत नाही. म्हणजे तोच माणूस निःशस्त्र विमानात बसलेला असतो तोवर लक्ष्य ठरतो, आणि छत्रीला लोंबकळू लागताच त्याला संरक्षण मिळते. कायद्याच्या दृष्टीने महत्त्व हातात शस्त्र आहे की नाही याला नाही. माणूस युद्धाच्या व्यवस्थेत आहे की तिच्यातून बाहेर पडला आहे, याला आहे.

महाभारताने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. कृष्ण युद्धात शस्त्र धरणार नव्हता. दुर्योधनाने नारायणी सेना घेतली आणि अर्जुनाने निःशस्त्र कृष्ण घेतला. दुर्योधनाचा हिशेब शस्त्रे मोजणारा होता आणि तो पुरता चुकला. सारथ्याच्या जागी बसलेला निःशस्त्र कृष्ण हा त्या युद्धाच्या निर्णयाचे सर्वांत मोठे कारण ठरला. याउलट बलराम. त्याच्याजवळ नांगर आणि मुसळ ही शस्त्रे होती, त्याचा पराक्रम कृष्णाहून उणा मानलेला नाही; पण तो तीर्थयात्रेला निघून गेला. कृष्ण निःशस्त्र होता पण तटस्थ नव्हता. बलराम तटस्थ होता पण निःशस्त्र नव्हता. शिवाय कृष्णाचे व्रतही अभेद्य नव्हते. भीष्माच्या माऱ्यापुढे पांडवांचे सैन्य कोसळू लागले तेव्हा तो रथाखाली उतरून चक्र घेऊन धावला, आणि अर्जुनाला त्याचे पाय धरावे लागले.

म्हणून निःशस्त्रतेला स्वयंसिद्ध नैतिक मूल्य देता येत नाही. निःशस्त्र माणूस काय करतो, कोणाच्या रथावर बसतो आणि त्याच्या असण्याने युद्धाला कोणते वळण लागते, हे पाहिल्यावाचून त्याचा निवाडा होत नाही.

५

या विवेचनावर एक सबळ आक्षेप संभवतो. प्रशिक्षण विमानाकडे केवळ भावी हिंसेचे साधन म्हणून पाहणे एकांगी आहे. ते प्राण वाचवणारे साधनही आहे, असे कोणी म्हणू शकेल. आक्षेप खरा आहे, आणि भारतीय वाचकाला तो दाखल्यानिशी ठाऊक आहे. एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ साली भारतीय हवाई दलासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. 'हॉक' विमानांचा करार झाला तो २००४ मध्ये, आणि ती बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ मध्ये. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे तरुण वैमानिक साध्या प्रशिक्षण विमानावरून मिग-२१ सारख्या अवघड विमानाकडे मधल्या पायरीवाचून जात राहिले. या उणिवेची किंमत हवाई दलाला आणि अनेक कुटुंबांना मोजावी लागली, हे त्या काळच्या चर्चेत वारंवार सांगितले गेले. मधली पायरी माणसाला कशापासून वाचवते हे ती नसताना कळते.

तरीही या आक्षेपाने प्रश्न संपत नाही, तो अधिक बिकट होतो. प्रशिक्षण विमान ज्याचा प्राण वाचवते त्याला दुसऱ्याचा प्राण घेण्यास सक्षमही करते, आणि ही दोन्ही कामे ते एकाच कृतीने करते. सुरक्षित उतरायला शिकवणे आणि अचूक मारा करायला शिकवणे या दोन शिकवणी वेगवेगळ्या वहीत लिहिता येत नाहीत. हाताला स्थिर राहण्याचे वळण एकदा लागले की ते दोन्हीकडे कामास येते.

हाच शिक्षकाचा प्रश्न आहे, आणि महाभारतात तो द्रोणाच्या रूपाने उभा राहतो. द्रोणाचार्यांच्या कथेतले दोन प्रसंग येथे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. पहिला एकलव्याचा. अंगठा मागून गुरूने एका धनुर्धराचे सामर्थ्य हिरावून घेतले. येथे निःशस्त्रीकरण हीच हिंसा आहे. शस्त्र काढून घेणे म्हणजे शांतता प्रस्थापित करणे, ही समजूत या कथेपुढे टिकत नाही. कोणाचे शस्त्र कोण आणि कोणाच्या हितासाठी काढून घेतो, हे विचारावेच लागते. दुसरा प्रसंग द्रोणाच्या मृत्यूचा. अश्वत्थामा मारला गेला या वार्तेने विद्ध झालेल्या द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि रथातच ते योगस्थ होऊन बसले. त्या अवस्थेत धृष्टद्युम्नाने त्यांचा वध केला. शस्त्र ठेवलेल्यावर प्रहार करू नये, असा संकेत युद्धापूर्वी उभयपक्षी ठरला होता. पण या प्रसंगातली खरी भेदक गोष्ट पुढचीच आहे : धृष्टद्युम्न हा द्रोणाचा शिष्य होता. तो आपल्या मृत्यूसाठी जन्मला आहे हे ठाऊक असूनही द्रोणांनी त्याला अस्त्रविद्या शिकवली होती.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर येथे दोन अभाव समोरासमोर येतात. शिष्याच्या ठायी एके काळी जो शस्त्राचा प्रागभाव होता तो गुरूने स्वतः संपवला. आणि गुरूने शस्त्र ठेवून जो प्रध्वंसाभाव स्वीकारला, त्यावर त्याच शिष्याने घाव घातला. शिकवणे ही निःशस्त्र कृती आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगापाशी थांबले पाहिजे.

६

आता आपण मूळ उदाहरणाकडे वळू. युद्धाच्या खेळात सी-१०१ ईबी चालवणारा खेळाडू प्रत्यक्षात करतो काय? तो उड्डाण करतो, उंची आणि वेग सांभाळायला शिकतो, ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे वाट काढतो, दुसऱ्याच्या पंखाशी पंख लावून उडण्याचा प्रयत्न करतो, आणि धावपट्टीवर परत उतरतो. स्पेनमध्ये मार मेनोरच्या काठी सान हाविएर येथे हवाई दलाची प्रबोधिनी आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या वैमानिक या विमानावर शिकले, आणि १९८५ साली स्थापन झालेल्या 'पात्रुया आगिला' या कसरतींच्या पथकाने याच विमानावर नाव मिळवले. खेळाडू त्यांच्याच क्रियांची पुनरावृत्ती करत असतो. कथनाच्या दृष्टीने पाहिले तर येथे कृतीचा आकृतिबंधच बदललेला आहे. युद्धखेळाच्या रूढ आकृतिबंधात प्रतिपक्षाचा नाश हा शेवट असतो. येथे शेवट आहे सुखरूप उतरण्याचा. प्रतिनायकाची जागा वाऱ्याने, गुरुत्वाकर्षणाने आणि स्वतःच्या अधीरतेने घेतलेली आहे.

याहून अर्थपूर्ण आहे ती दुसऱ्या आसनाची उपस्थिती. सी-१०१ मध्ये आसने एकामागे एक आहेत, आणि मागचे थोडे उंच आहे, म्हणजे तेथे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढचे दिसावे. खेळात दोन माणसे, दोन वेगळ्या घरांतून, या दोन आसनांवर बसू शकतात. बहुतेक लढाऊ खेळांत दुसरा माणूस हा एक तर शत्रू असतो किंवा सोबती. येथे तो शिक्षक किंवा विद्यार्थी असू शकतो. मागच्या माणसाजवळही नियंत्रणे आहेत, तो केव्हाही विमान आपल्या हाती घेऊ शकतो. त्याने ते केव्हा घ्यावे, आणि त्याहून अवघड म्हणजे केव्हा घेऊ नये, यातच शिकवण्याची नैतिकता सामावलेली आहे. चूक घडू द्यावी लागते, नाहीतर शिकणे घडत नाही. पण ती जीवघेणी होण्याआधी हात पुढे करावा लागतो. शस्त्र नसलेल्या या विमानातही सत्ता आहे, आणि ती मागच्या आसनावर आहे. तोफेची पोकळीही त्याच आसनाच्या खाली आहे, हे विसरता येत नाही.

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. निःशस्त्रतेचा अर्थ ती ज्या व्यवस्थेत असते त्या व्यवस्थेवर अवलंबून असतो. युद्धाबाहेर तिला नावही नसते. निःशस्त्रतेचे प्रकार असतात, आणि त्यांचे नैतिक मूल्य अभावाची दिशा कोणती यावर ठरते : शस्त्राकडे जाणारा अभाव, शस्त्रापासून दूर जाणारा अभाव आणि हाती असूनही न घेण्याचे व्रत यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तिसरी गोष्ट अशी की, निःशस्त्र असल्याने कोणी व्यवस्थेच्या बाहेर पडत नाही. युद्धखेळातल्या प्रशिक्षण विमानाचे मोल त्याच्या निरागसतेत नाही, कारण ते निरागस नाहीच. खेळाचे नेहमीचे क्रियापद काढून घेऊन ते खेळाडूला त्या व्याकरणाची जाणीव करून देते, एवढे त्याचे कार्य आहे आणि ते लहान नाही. लक्ष्यवेधाची घाई नसलेला माणूस त्याच आकाशात राहून पाहू लागतो. आपण कोणाला दिसत आहोत, कोणाच्या गटात उडत आहोत आणि हे कौशल्य पुढे कशासाठी वापरले जाणार आहे, हे प्रश्न त्याच्या मनात येण्याला निदान अवकाश मिळतो.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. आपल्या हाती शस्त्र नाही, आपण फक्त वाचायला शिकवतो, या समजुतीत आपण बरेचदा सुखी असतो. परंतु शब्दांची ताकद कशात असते, श्रोत्याच्या मनाला कोठे हात घालता येतो, एखादी प्रतिमा तर्काला कशी मागे सारते, हेच तर आपण वर्गात शिकवतो. आणि ते शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी कविता लिहील, जाहिरात लिहील, की जमाव भडकवणारे भाषण लिहील, हे आपल्या हाती राहत नाही. ते हाती राहत नाही म्हणून आपण जबाबदार नाही, असा निष्कर्ष द्रोणाची कथा वाचलेल्याला काढता येणार नाही. शिकवणे थांबवावे, हाही त्यावरचा उपाय नव्हे. मधली पायरी काढून टाकल्याने कोणाचे प्राण वाचत नाहीत, हे आपण पाहिले आहे. राहते ते एवढेच की, विद्यार्थ्याला नियंत्रण देताना त्याच विद्येचा कोणता वापर होऊ शकतो हेही त्याला त्याच वर्गात, त्याच तासाला दाखवावे लागेल. अलंकार शिकवताना अलंकाराने झाकलेले असत्यही शिकवावे लागेल. मागच्या आसनावर बसणाऱ्याने आपल्या आसनाखाली काय रिकामे ठेवलेले आहे, हे पुढे बसलेल्याला सांगितले पाहिजे.